नुसते ‘मानतो’ म्हटल्याने ख्रिस्ती श्रद्धा पुरी होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी असे मत मांडले आहे की ख्रिस्ती धर्म हा फार सोपा मार्ग आहे. त्यात साधना नाही, व्रत नाही, कर्माचा हिशोब नाही, ‘मी येशूला मानतो’ एवढे म्हटले की मागचे सगळे पुसले जाते आणि पुढचे सगळे माफ होते. पत्राचा सूर द्वेषाचा नव्हता, कुतूहलाचा होता, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. इंदुरात तीन पिढ्या राहिलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला मी एक निवृत्त शिक्षक आहे. हे मत मी शेजाऱ्यांकडून आणि सहकाऱ्यांकडून पुष्कळदा ऐकले आहे. इंदूरकरांना आम्ही बहुधा संस्थांमुळे आणि इमारतींमुळे ठाऊक असतो, म्हणजे कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनने १८८७ मध्ये काढलेले इंदूर ख्रिश्चन कॉलेज, किंवा ज्याला सगळे शहर ‘व्हाइट चर्च’ म्हणते ते देऊळ. आत बसलेली माणसे नेमके काय मानतात आणि ते मानणे त्यांच्याकडून काय मागते, हे बाहेरून दिसत नाही. पत्रलेखकांचा समज चुकीचा आहे; पण तो हवेतून आलेला नाही, आमच्यापैकी अनेकांच्या वागण्याने तो त्यांना पुरवला आहे.

येशूने या बाबतीत कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही. बायबलातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचन संपता संपता, तो स्पष्ट सांगतो की मला ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असे नाही, माझ्या स्वर्गातील पित्याच्या इच्छेप्रमाणे जो वागतो तोच जाईल. त्याच्या पुढचे वचन आमच्या उपदेशांत सहसा गाळले जाते. त्या दिवशी पुष्कळ लोक पुढे येऊन म्हणतील की आम्ही तुझ्या नावाने संदेश दिले, भुते काढली, महत्कृत्ये केली. आणि त्यांना उत्तर मिळेल की मला तुमची ओळख कधीच नव्हती. हे लोक नास्तिक नाहीत, परधर्मीयही नाहीत. हे व्यासपीठावरचे लोक आहेत, आणि नाव घेणे, गर्दी जमवणे, चमत्कार करणे यांपैकी कशाचाही त्यांना उपयोग होत नाही. पुढे एकविसाव्या अध्यायात दोन मुलांची गोष्ट येते. द्राक्षमळ्यात जाऊन काम कर असे बाप सांगतो, तेव्हा एक मुलगा तोंडावर ‘जात नाही’ म्हणतो आणि मागून पस्तावून जातो. दुसरा ‘जातो, महाराज’ म्हणतो आणि जात नाही. बापाची इच्छा कोणी पाळली, असे येशू विचारतो, आणि तेही यरुशलेमच्या मंदिरात, मुख्य याजकांना आणि वडीलमंडळींना, ज्यांचे सारे आयुष्य ‘जातो, महाराज’ म्हणण्यात गेले होते. जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातात, असा त्याने काढलेला निष्कर्ष त्या काळी किती झोंबला असेल याची कल्पना करावी. हा मार्ग सोपा म्हणता येणार नाही, आणि सर्वांत अवघड तो त्यांना आहे जे स्वतःला आतले समजतात.

यावर कोणी जाणकार म्हणेल की येशूचा प्रेषित पौल याने इफिसकरांस पत्रात लिहिलेच आहे ना, की तुमचे तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, कर्मे केल्याने नाही, यासाठी की कोणी आढ्यता बाळगू नये. लिहिले आहे, आणि त्यातला एक शब्दही मला कमी करायचा नाही. मात्र दुसऱ्या अध्यायातली ही आठवी-नववी वचने ज्यांना तोंडपाठ असतात त्यांना लगेच पुढचे दहावे वचन विचारून पाहावे. तिथे म्हटले आहे की आपण सत्कृत्ये करण्यासाठीच निर्माण केलेले आहोत आणि ती सत्कृत्ये आपण आचरावी म्हणून देवाने ती पूर्वीच योजून ठेवली आहेत. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल आपल्या प्रेषितपदाचा हेतू सांगतो, तोही सर्व राष्ट्रांनी विश्वास ठेवून आज्ञापालन करावे हाच. नव्या करारात ज्याचे पत्र आहे तो याकोब तर कसलीच भीड ठेवत नाही. देव एकच आहे असे तू मानतोस हे बरे करतोस, भुतेही तसे मानतात आणि थरथर कापतात, असे तो सुनावतो. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याला याकोबाचे पत्र मानवत नसे, आणि १५२२ मध्ये नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला वाळल्या गवताच्या मोलाचे ठरवले हे खरे आहे; पण त्याच ल्यूथरने रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत असेही लिहिले की विश्वास ही इतकी जिवंत आणि उद्योगी गोष्ट आहे की तिला अखंड चांगले केल्यावाचून राहवतच नाही. ज्या प्रश्नावरून युरोपात मंडळी, म्हणजे चर्च, दुभंगली, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लूथरन मंडळ्यांचा जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेने, आणि सत्कृत्ये हे त्या कृपेचे फळ आहे, हे त्यात दोघांनीही मान्य केले. वैद्य नाडी पाहतो तेव्हा नाडीमुळे जीव आला असे तो समजत नाही, पण नाडी लागली नाही तर घरच्यांना धीर देण्यासारखे त्याच्यापाशी काही उरत नाही. आज्ञापालनाचे आणि विश्वासाचे नाते मला तसेच दिसते.

हा क्रम शिकण्यासाठी लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाची गोष्ट पुरेशी आहे. यरीहोच्या जकातदारांचा तो प्रमुख, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू कोणतीही अट न घालता त्याच्या घरी उतरतो. आधी पैसे परत कर, मग येईन, असे तो म्हणत नाही. ही झाली कृपा. नंतर जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो, आणि त्यानंतर येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. गैरव्यवहाराची कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा भरावा, एवढेच मोशेच्या नियमशास्त्रात, ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, सांगितले होते. जक्कयाने नियमाच्या पुष्कळ पुढे उडी मारली, आणि ती कोणी मागितली म्हणून नव्हे. त्याने डोळे मिटून प्रार्थना केली की नाही, गाणे म्हटले की नाही, हे लूक सांगत नाही. खतावणी तेवढी सांगतो. मला ही गोष्ट शाळेत मुलांना सांगताना नेहमी असे वाटे की आमच्या साक्षीच्या सभांतून ‘प्रभूने मला शांती दिली’ हे इतक्या वेळा ऐकू येते, मग ‘मी अमक्याचे बुडवलेले पैसे परत केले’ हे इतके क्वचित का ऐकू यावे?

येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराचे उदाहरण याविरुद्ध दिले जाते. त्याने कोणते सत्कृत्य केले, असे विचारतात. हात-पाय खिळलेल्या माणसाकडे जेवढे उरले होते तेवढे त्याने केले: स्वतःची शिक्षा वाजवी आहे हे कबूल केले, निंदा करणाऱ्या सोबत्याला आवरले आणि सुटका न मागता केवळ आठवण ठेवण्याची विनंती केली. ज्याच्यापाशी घटका-दोन घटका होत्या त्याने त्या पूर्ण दिल्या. ज्यांच्यापाशी तीस-चाळीस वर्षे आहेत त्यांनी त्याच्या आडोशाला उभे राहू नये.

समर्पणाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. देवाच्या हाती सारे सोपवणे म्हणजे हात जोडून बसणे, जे होईल ते होऊ देणे, असा अर्थ पुष्कळ भाविक घेतात. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू असा निमूट नाही. हा प्याला माझ्यावरून टळू दे, अशी त्याची उघड, पुन्हा पुन्हा केलेली विनंती आहे; घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असे लूक लिहितो; आणि त्या सगळ्यानंतर ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ असे शब्द येतात. स्वतःची इच्छा नसलेल्या माणसाला ती अर्पण करता येत नाही. अब्राहामाला विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणतात. पण देवाच्या सांगण्यावरून पोटच्या मुलाचा बळी द्यायला मोरिया डोंगराकडे मुकाट्याने निघालेला हाच अब्राहाम त्याआधी, किती नीतिमान सापडले तर सदोम नगर वाचेल यावरून देवाशी पन्नासांपासून दहांपर्यंत घासाघीस करून गेला आहे, आणि पवित्र शास्त्र त्याला त्याबद्दल उद्धट ठरवत नाही. (मोरियाची गोष्ट मला आजही सहज वाचता येत नाही, आणि ती सहज वाचणाऱ्या उपदेशकाचा मला थोडा संशयच येतो.) योना या संदेष्ट्याचे उदाहरण उलट बाजूचे आहे. तो मनाविरुद्ध निनवे शहराला देवाचा इशारा द्यायला गेला, काम चोख केले, शहर वाचले, आणि मग शहर वाचले म्हणून रुसून बसला. आज्ञा पाळली गेली, मन मात्र सोपवले गेले नव्हते. आणि देवाने त्याच्याशी शेवटचे बोलणे केले ते त्या रुसण्याविषयी.

इंदूरच्या मराठी वाचकाला समर्पणाची कल्पना परकी वाटण्याचे काही कारण नाही. अहिल्याबाई होळकरांनी राज्य शंकराचे मानले आणि होळकरांच्या आज्ञापत्रांवर ‘श्रीशंकर’ हे नाव येऊ लागले, हे या शहरात शाळकरी मुलालाही माहीत असते. त्यांची उपासना आणि आमची उपासना वेगळी आहे, तो भेद मी पुसू इच्छित नाही. एवढेच दाखवायचे आहे की ज्या बाईने राज्य देवाचे म्हटले ती कारभार सोडून माळ घेऊन बसली नाही. उलट न्यायनिवाड्यात आणि खर्चावेचात अधिक काटेकोर झाली, आणि देवळे, घाट, विहिरी यांवर जो खर्च केला तो खासगीच्या उत्पन्नातून केला. मालक दुसरा आहे हे ज्याला खरोखर पटते त्याचा हिशोब चोख होतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील ज्या चाकराने धन्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवले, त्यालाही धन्याविषयी काही कमी आदर नव्हता. तो भीतीने स्वस्थ बसला, आणि त्याचे स्वस्थ बसणे धन्याने आज्ञापालन म्हणून स्वीकारले नाही.

समर्पणाच्या नावाखाली अलीकडे जो एक प्रकार चालतो त्याचा उल्लेख न करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध बंद करा, म्हणजे तुमचा विश्वास सिद्ध होईल, असे काही प्रार्थनासभांत आजाऱ्यांना सुचवले जाते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, असे येशूला सुचवणारा कोण होता आणि ‘देवाची परीक्षा पाहू नको’ असे उत्तर कोणी दिले, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात वाचावे. लूक, ज्याच्या शुभवर्तमानाचा मी वर आधार घेतला, त्याला पौल कलस्सैकरांस पत्रात ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. औषध घेणारा मनुष्य अविश्वासू ठरत असेल तर पौलाचा सोबतीच आधी अडचणीत येईल.

आता मुख्य मुद्दा. आज्ञापालन हवे हे मान्य केले तरी कोणाचे, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते खरा आणि खोटा विश्वास ओळखण्याची जागा हीच आहे. ‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे’ हे पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायातील वचन मंडळीत कोणी प्रश्न विचारला की त्याच्या तोंडावर फेकले जाते. ते वचन ज्या लढाईच्या प्रसंगात येते तो प्रसंग रक्तरंजित आहे आणि त्याचे समर्थन करणे मला जड जाते. पण ते कोणाला उद्देशून आहे हे तर स्पष्टच आहे. शमुवेल हे शौलाला सांगतो, म्हणजे सिंहासनावर बसलेल्या, लूट राखून ठेवणाऱ्या आणि नंतर ‘लोकांनी केले’ म्हणून अंग काढून घेणाऱ्या राजाला. ते प्रजेला गप्प बसवण्यासाठी उच्चारलेले नाही. इब्र्यांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील ‘आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा’ या वचनाचीही हीच दशा आहे. त्यांना तुमच्या जिवांचा हिशोब द्यावयाचा आहे, हा त्याच वाक्यातला पुढचा भाग ऐकू येईपर्यंत ध्वनिक्षेपक बंद झालेला असतो. येशूचा शिष्य पेत्र याने मात्र यहुदी धर्मसभेपुढे उभे राहून सांगितले की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, आणि ती सभा काही परकी नव्हती, त्याच्याच धर्माच्या श्रेष्ठींची होती.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरातच आहे, आणि ते म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे, ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रमात राहत असताना, त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लगेच त्या एक आज्ञाधारक, आदर्श धर्मांतरिता बनतील अशी त्यांच्या उपकारकर्त्यांची अपेक्षा होती. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे काही बिशपांनी ठरवले, त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर त्यांनी प्रश्न विचारले तेव्हा त्यांना अहंकारी म्हटले गेले, आणि चर्चच्या अधिकारापुढे नम्र होण्याचा उपदेश त्याच आश्रमातील सिस्टर जेराल्डीन पत्रांतून करत राहिल्या. रमाबाईंचे उत्तर, १८८५ च्या सुमाराच्या पत्रव्यवहारातून जे आपल्यापर्यंत आले आहे, त्याचा आशय असा की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने बाहेर पडले, ती दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देण्यासाठी नाही. देवाचा शब्द मला समजला तर मी तो पाळीन, पण तो समजून घेण्याचा माझा अधिकार कोणाकडे गहाण ठेवणार नाही. काहींना यात बंडखोरी दिसली. मला यात आज्ञापालनाची तयारी दिसते, कारण जी गोष्ट पाळण्यासाठी आयुष्य द्यावयाचे ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून कोण ठरवील?

त्यांचे पुढचे आयुष्य हा त्या पत्रव्यवहाराचा निकाल आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले. नोंदवहीतला शेरा आणि विश्वास यांतले अंतर याहून प्रामाणिकपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, मग ते पुण्यात आले, धर्मांतराच्या वादात सल्लागारांनी साथ सोडली, तरी काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने व वाईट माणसांच्या हाती सापडून मरणाऱ्या मुलींना केडगावला घेऊन आल्या; १८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही शेकडो मुली आणल्या. स्वतःचे आईवडील १८७४ च्या आगेमागे अशाच उपासमारीत गेलेले त्यांनी पाहिले होते. प्लेगच्या दिवसांत सरकारी व्यवस्थेत बायकांचे जे हाल झाले त्याविषयी त्यांनी उघडपणे लिहिले, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांचा रोष पत्करला. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर एकटीने केले, केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याची छपाई केली, आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर दोन वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. बिशपांपुढे न वाकणारी ही बाई देवापुढे इतकी वाकली की तिचे स्वतःचे असे काही उरले नाही. जो पाळक मंडळीला आज्ञाधारक व्हायला सांगतो त्याने त्यांचे चरित्र आधी स्वतः वाचावे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची सुरक्षितता सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, तोही याच जातीचा निर्णय होता. पण मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंची वाट अधिक शिकवून जाते. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या, सोवळे सांभाळले, आणि मग देवाने माणसांत जाती केल्या असतील का, या प्रश्नाचा स्वतःशी निकाल लावून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आचरण आधी आले, दाखला मागून. याच्या उलट, आज मराठी ख्रिस्ती वधूवरांच्या जाहिरातींत आणि मध्यस्थांच्या बोलण्यात ‘मूळ’ विचारले जाते, म्हणजे चार-पाच पिढ्यांपूर्वीची जात विचारली जाते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून गेला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर अडवले, कारण त्याचे ते वागणे शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नव्हते. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय मंडळीत वाचायचा आणि सोयरीक जुळवताना मूळ विचारायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. हुंडा घेऊन प्रभुभोजनाला बसणाऱ्याविषयी मी वेगळे लिहीत नाही.

आमच्या मंडळीच्या बाहेरचे, पण आमच्याच भागातले एक उदाहरण इंदूरकर वाचकांना आठवत असेल. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या कॅथलिक सिस्टर देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात भूमिहीन शेतमजुरांमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या कर्जातून लोकांची सुटका व्हावी म्हणून त्यांना एकत्र आणणे, बचतीची सवय लावणे, सरकारी योजनांची माहिती देणे, असे ते काम होते. त्यात दिपवणारे काही नव्हते, पण ज्यांचे उत्पन्न त्या कर्जांवर चालत होते त्यांना ते पुरते कळले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून मारण्यात आले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना ‘धन्य’ (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा विधी झाला. वृत्तपत्रांनी हत्येविषयी आणि सोहळ्याविषयी लिहिले. मला त्यांच्या बहिणीविषयी लिहायचे आहे, कारण ती जिवंत राहिली आणि जिवंत राहणाऱ्याचे आज्ञापालन लांबत जाते. ती बहीणही सिस्टरच. तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, घरच्यांनी त्याला क्षमा केली, आणि तो सुटून बाहेर आल्यावर त्यांच्या केरळातील घरी गेला तेव्हा आईने त्याचे हात हातात घेतले. न्यायालयाने शिक्षा दिली होती आणि त्याने ती अनेक वर्षे भोगली होती. क्षमेने कायद्याची जागा घेतली नाही, आणि घ्यावी असे येशूनेही कुठे म्हटलेले नाही. ‘शत्रूंवर प्रीती करा’ ही आज्ञा मात्र एका कुटुंबाने भावनेची वाट न पाहता पाळली. असे करताना त्यांना काय वाटले असेल हे मला ठाऊक नाही, आणि आज्ञापालनाला ते ठाऊक असण्याची गरजही नसते.

पत्रलेखकांनी कदाचित असे म्हणावे की ही थोर माणसे झाली, साधारण ख्रिस्ती माणसाचे काय. त्यांचा हा प्रश्न मी स्वीकारतो आणि तो माझ्या लोकांकडेच वळवतो. साधारण माणसाची परीक्षा साधारण जागी होते, आणि आमच्याकडे ती जागा बहुतेक वेळा जमीन-मालमत्तेची असते. मंडळ्यांच्या जुन्या जमिनी, बंगले आणि शाळांच्या आवारांवरून देशभर खटले चालू आहेत. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे दोन गट वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध तारखांना हजर राहतात आणि रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीवर कोणाचीही जीभ अडखळत नाही. पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विचारले होते की तुम्ही भाऊ भावाशी कोर्टकज्जे करता, त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही, नाडले जाणे का पत्करत नाही? गुन्हा घडला असेल, कोणा दुबळ्याचे हिसकावले गेले असेल, तर न्यायालयात गेलेच पाहिजे. पण दोन सधन गटांच्या मानापमानाला हे वचन लागू नसेल तर ते कोणालाच लागू नाही. निदान इतके तरी व्हावे की प्रत्येक मंडळीच्या पंचांनी जमिनीची कागदपत्रे आणि वर्षाचा जमाखर्च वार्षिक सभेत सर्व सभासदांपुढे, दानपेटीत दहा रुपये टाकणाऱ्या विधवेसह, वाचून दाखवावा, आणि जे पंच हे टाळतील त्यांना पुढच्या निवडणुकीत आज्ञापालनाच्या नावाने मते मागू देऊ नयेत.

आपल्या अंकात जागेची अडचण असते याची मला कल्पना आहे आणि हे पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर माझी मते खुशाल कमी करावीत. अध्यायांचे उल्लेख मात्र शक्यतो तसेच ठेवावेत, म्हणजे पत्रलेखकांना आणि आमच्या मंडळीतल्या वाचकांनाही मूळ वचने मागच्या-पुढच्या मजकुरासह स्वतः काढून पाहता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, इंदूर